मागच्या गावच्या घुगऱ्या

माझे सासरे सिद्रामप्पा यांनी आमच्या नाटक मंडळीला एक नियम घालून दिला होता. मंडळीची सूत्रे माझ्या हाती आल्यापासून तो मी कुणाला मोडू दिला नाही. ज्या गावी खेळ होईल, त्या गावच्या बायांनी नाटकातल्या भागूच्या ओटीत घातलेले धान्य त्या गावात शिजवायचे नाही. ते पुढच्या गावी न्यायचे, तिथे त्याच्या घुगऱ्या करायच्या आणि पडदा उघडण्यापूर्वी जे लवकर येऊन बसले असतील त्यांच्या हातावर त्या ठेवायच्या. गहू, ज्वारी, तांदूळ, हरभरा, ज्या घरात जे असेल ते ओटीत येई आणि सगळे एकाच पातेल्यात शिजे. जळकोटच्या घुगऱ्या उदगीरने खाव्या, उदगीरच्या देगलूरने, देगलूरच्या नायगावने. सासरे म्हणत, "आपण खेळ घेऊन जात नाही. एक गाव दुसऱ्या गावाला निरोप धाडतं, आपण तो पोचवतो."

नाटकाचे नाव 'संगीत भागूची पाठवणी'. सासऱ्यांनी ते आपल्या बहिणीसाठी लिहिले होते. अयोध्या तिचे नाव. आई तिच्या लहानपणीच गेलेली. लग्न झाले आणि पाठवणीच्याच दिवशी गावात पटकीची साथ पसरली. कुणी कुणाच्या उंबऱ्याला पाय लावीना. वेशीवर छकडा जुंपलेला होता. नवरीने रीतीप्रमाणे पदर पसरला, पण ओटी भरायला एकही बाई घराबाहेर आली नाही. तशीच रिकाम्या पदराने ती सासरी गेली आणि पहिल्याच बाळंतपणात वारली. सासऱ्यांच्या मनातून तो रिकामा पदर गेला नाही. म्हणून त्यांनी भागू लिहिली. भागूलाही आई नाही, तिच्याही दारात छकडा उभा आहे. पण शेवटच्या पदाला ती रंगमंचावरून खाली उतरते, बायांच्या बैठकीत येऊन पदर पसरते, आणि त्या गावच्या बाया तिची ओटी भरतात. ओटी भरली की ती परत वर चढते, छकड्यात बसते, पडदा पडतो. ओटी भरल्याशिवाय पडदा पाडायचा नाही, हा दुसरा नियम.

पहिल्याच खेळाला एक विधवा बाई मुठीत ज्वारी घेऊन अर्ध्यात उठली आणि लोकांकडे पाहून पुन्हा खाली बसली, असे घरात सांगत. सासरे बाजूच्या पडद्याआडून बाहेर आले आणि सर्वांच्या देखत म्हणाले, "ये माय. आईला कुंकू विचारीत न्हाईत." तेव्हापासून आमच्या खेळात सगळ्याच बाया ओटी भरतात. दुसऱ्या कुठल्याही मांडवात ज्यांना मागे बसावे लागे, त्या आमच्या मांडवात पुढे येऊन बसत.

मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा भागूचे काम हणमंतू नावाचा गडी करीत असे. गळा गोड होता, पण पाठवणीपर्यंत दाढीचे खुंट वर येत आणि ओटी भरता भरता बायांना हसू फुटे. सासऱ्यांनी मला काही विचारले नाही. मीच त्यांना सांगितले, "मामंजी, उद्यापासून भागू मी करते. पोरीच्या पाठवणीत हसू नको." घरात वादळ उठले. माझे माहेर वर्षभर माझ्याशी बोलले नाही. पण हदगावच्या खेळात मी पदर पसरला, आणि शेवटच्या रांगेपर्यंत हुंदक्याखेरीज आवाज नव्हता. पुढे माझे यजमान रामलिंग मंडळी चालवू लागले. त्यांच्यानंतर मी.

ते दिवस आठवले की मला पहिल्यांदा हदगाव आठवते. खरिपाची रास घरात पडली की आमच्या गाड्या निघत आणि हदगावला पोचेपर्यंत तिकडे कापसाची वेचणी ऐन भरात असे. बाया शेतातून थेट मांडवात येत. केसांत कापसाचे तंतू, बोटे बोंडांनी ओरखडलेली, कडेवर झोपलेली लेकरे. घुगऱ्या मागून घेत आणि विचारीत, "कुठल्या गावच्या हाईत ह्या?" नायगावच्या म्हटले की एखादी म्हणे, "नायगावला माझी बहीण दिली हाय. तिच्या घरचा दाणा असंल यात." आणि डोळे मिटून खाई. कित्येक बायांना आपल्या बहिणीचा तेवढाच निरोप वर्षात मिळत असे. पेट्रोमॅक्सच्या उजेडात मी खाली उतरले की चारी बाजूंनी हात येत. त्या हातांना लागलेल्या मातीचा आणि कापसाचा वास अजून माझ्या नाकात आहे. ओटीतल्या धान्यात हदगावला हमखास सरकी सापडे. ती आम्ही निवडून टाकत नसू. माझ्या सासूबाई ती जळकोटला परसात पेरीत.

आता सिनेमाचे सांगते, कारण सगळे तिथूनच सुरू झाले.

तनुजा नावाची एक मुलगी आमच्या घरी आली. लातूरची, पुण्यात शिकलेली, केस कापलेले. पण आल्याबरोबर वाकून पाया पडली आणि चहात साखर कमी आहे हे तोंडावर सांगितले, म्हणून मला आवडली. लहानपणी तिच्या आजीने तिला आमचा खेळ दाखवला होता. तिला त्यावर सिनेमा करायचा होता.

"आज्जी, सिनेमा आला ना, की तुमच्या खेळाला दुप्पट गर्दी होईल," ती म्हणाली. "लोक म्हणतील, मूळ बघू या."

आमचे पेटीवादक अण्णाराव पेटीचा भाता पुसत बसले होते. माझ्याहून थोडे लहान, पण मंडळीत माझ्यानंतर त्यांचाच शब्द. ते म्हणाले, "आन् न्हाई म्हणले तर? बाजंवर पडून बघितलं, आता थंडीत सतरंजीवर कोण बसंल, असं म्हणले तर?"

"काका, फोटोतलं लग्न आणि मांडवातलं लग्न एक असतं का?"

"न्हाई. पण फोटोत बसायला जागा लई चांगली असतीया."

माझा मुलगा वैजनाथ हसला. त्याचे मत ठरलेले होते. त्याचे उदगीरला ट्रॅक्टरच्या सामानाचे दुकान. ते सांभाळून तो मंडळीचे सगळे पाहत होता, आणि दरवर्षी आमंत्रणे कमी होताना त्यालाच दिसत होती. आमंत्रणाला आमच्या धंद्यात सुपारी म्हणतात. पूर्वी दिवाळीच्या आत सुपाऱ्या ठरून जात. आता वैजनाथला गावोगाव फोन करावे लागत. तो म्हणाला, "माय, करू दे तिला. काही न करता तरी काय वाचवून राहिलो आपण?"

मी होकार दिला, पण एका अटीवर. ओटी कॅमेऱ्यापुढे भरायची नाही.

तनुजाचा चेहरा उतरला. "आज्जी, तोच तर शेवट आहे."

"बाया कुठून आणशील?"

"आणू ना. चांगल्या कलाकार आहेत."

"सांगून आणलेल्या बायांनी भरलेली ओटी पोरीच्या अंगी लागत नाही. भागूची ओटी ज्या गावात ती उभी आहे, त्या गावच्या बायांनी भरायची. तुझ्या सिनेमाचं गाव कोणतं?"

तिने चहाचा कप खाली ठेवला आणि ती म्हणाली, "बरं. नाही भरणार." तिने शब्द पाळला, हे मी तिच्या बाजूने आधीच सांगून ठेवते.

सिनेमा निघाला. त्याचे नाव तिने वेगळेच ठेवले आणि ते मला आवडले नाही, म्हणून इथे लिहीत नाही. लातूरला थिएटरात तो थोडे दिवस चालला, मग मोबाइलवर आला आणि घराघरांत शिरला. घरातल्या सगळ्यांनी पाहिला. मी पाहिला नाही. ज्या पोरीचा मी जन्मभर वेश केला, तिला दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्याने पाहण्याची मला इच्छा नव्हती.

तनुजा म्हणाली होती तसेच पहिल्या हंगामात झाले. गर्दी दुप्पट झाली. जळकोटला तर लोक शाळेच्या भिंतीवर चढून बसले. वैजनाथ माझ्याकडे पाहून हसे आणि मी तोंड फिरवून घेई. पण मनात मलाही बरे वाटत होते. माझी नात साक्षी, वैजनाथची मुलगी, त्या वर्षी नुकतीच भागू करू लागली होती. लातूरला नर्सिंग शिकते. खेळासाठी सुट्ट्या काढून येते. एवढ्या टाळ्या मला तिच्या वयात मिळाल्या नव्हत्या, हे मी मान्य करते.

मात्र सिनेमात एक विहिरीवरचे गाणे होते. आमच्या नाटकात ते नाही. भागू मैत्रिणींबरोबर विहिरीवर नाचते, अशी काहीतरी रचना. ते गाणे लग्नाच्या वरातींत, रिक्षांत, बसस्थानकावर, जिथे तिथे वाजत होते. पोरे मांडवात येत आणि पहिल्याच अंकात ओरडू लागत, "विहिरीचं! विहिरीचं लावा!" काही गावांनी तर ते गाणे असेल तरच सुपारी देऊ असे सांगितले. वैजनाथने दुसऱ्या अंकात ते घातले. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. मग म्हटले, तरुण माणसे येत आहेत, बसतील, पुढचेही ऐकतील.

ती बसली नाहीत. गाणे झाले की शिट्ट्या मारीत अर्धा मांडव उठून जाई. आणि शिट्ट्यांच्या गोंगाटात लेकी-सुनांना घेऊन बसायला नको, म्हणून बाया येईनाशा झाल्या. दुसऱ्या हंगामात पोरेही आली नाहीत. गाणे जुने झाले होते. सुपाऱ्यांसाठी वैजनाथने फोन केले, तर एका सरपंचाने विचारले, "ते मोबाइलवरचंच ना? बघितलं की आम्ही."

मग नायगाव झाले.

दिवेलागणीला खेळ सुरू केला. विहिरीचे गाणे झाले आणि जे थोडे लोक होते ते चहाला म्हणून गेले ते गेलेच. तिसऱ्या अंकात समोर सतरंज्या, त्यांवर शेंगांची फोलपटे आणि एक झोपलेले कुत्रे. पाठवणीचे पद आले. साक्षी खाली उतरली. तिने पदर पसरला.

बायांच्या बैठकीत कुणीही नव्हते.

पडदा पाडता येत नव्हता. मंडळीतल्या बाईने ओटी भरायची नाही, तिथे गावाचेच हात लागतात. म्हणून मीही उठू शकत नव्हते. अण्णाराव पेटीवर त्याच पदाची ओळ पुन्हा पुन्हा वाजवीत राहिले. साक्षी तशीच उभी होती. मी बाजूच्या पडद्याआडून तिच्या रिकाम्या पदराकडे पाहत होते, आणि मला अयोध्या आठवत होती, जिला मी कधी पाहिले नव्हते.

शेवटी मांडवाबाहेर फुटाण्यांची पाटी घेऊन बसलेली एक म्हातारी उठून आत आली. नागम्मा तिचे नाव, हे नंतर कळले. देगलूरकडून नायगावला दिलेली, बोलताना तेलुगू मिसळणारी. तिने साक्षीच्या पदरात मूठभर फुटाणे टाकले आणि माझ्या दिशेने बघत खडसावले, "अम्मा, लेकरू किती वेळ उभं ठेवतीस? पाड की पडदा!"

पडदा पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजनाथने टेम्पोपाशी मला गाठले. आवाज चढवला नव्हता. तो रागावला असता तर मला सोपे गेले असते.

"माय, हदगावचा एक खेळ ठरलेला हाय. तेवढा करू. नंतर पेटी-पडदे घरी नेऊन ठेवू."

"म्हणजे मंडळी बंद."

"मानानं बंद. काल झालं तसं साक्षीला पुन्हा उभी करू का मी? माझी पोरगी हाय ती, माय."

मी एवढेच म्हटले, "हदगावला विहिरीचं गाणं होणार नाही."

"गाणं न्हाई म्हणल्यावर माणूस येनार न्हाई."

"गाण्याला आलेला माणूस मला नकोच आहे. शेवटचा खेळ असेल, तर तो मामंजींनी लिहिला तसा होईल."

त्याने टेम्पोची कडी लावली. मग म्हणाला, "हाव. पण अजून एक हाय. मैदान सांजच्याला मिळत न्हाई. दिव्यांतले क्रिकेटचे सामने हाईत. दुपारचा खेळ करा म्हणून राहिलेत."

दुपारचा खेळ! जन्मात मी दुपारी पडदा उघडला नव्हता. उन्हात रंगवलेले चेहरे कागदासारखे दिसतात. ज्या हदगावने मला भागू केले, तिथून दुपारच्या उन्हात निघून जायचे, हे मला फार लागले. पण मी ते बोलून दाखवले नाही.

हदगावला पोचलो. शामियाना ताणला. नियमाप्रमाणे मागच्या गावचे धान्य शिजवायचे होते; मागच्या गावचे म्हणजे नागम्माचे मूठभर फुटाणे. ते काही शिजवता येत नव्हते. अण्णाराव म्हणाले, "आक्का, पातेलं काढू का नको?" मी म्हटले, "काढा." रिकाम्या पातेल्यात मी ते फुटाणे ठेवले आणि स्वतः दाराशी बसले. पहिल्यांदा आलेल्या बाईच्या हातावर एक फुटाणा ठेवला. तिने हाताकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"एकच?"

"नायगावनं एवढंच धाडलं."

"नायगाव लई चिक्कू झालं की ओ," ती म्हणाली. पण फुटाणा तिने तोंडात टाकला नाही. पदराच्या टोकाला बांधला. त्या वेळी मला त्याचा अर्थ लागला नाही. उंच, हाडापेराने मोठी, कपाळ मोकळे, वय साठीच्या आसपास. साखराबाई असे तिचे नाव. तिच्या मागून आणखी बाया येत होत्या. मला वाटले, दुपार आहे, स्वयंपाक आवरला आहे, यंदाची वेचणी संपली आहे, घटकाभर टेकतील. फुटाणे केव्हाच संपले.

खेळ सुरू झाला. पुढे पोरे बसली होती. दुसऱ्या अंकात ती ओरडू लागली, "विहिरीचं! विहिरीचं!" अण्णारावांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्यांनी शांतपणे सासऱ्यांचे पद सुरू केले. पोरांनी थोडा गोंधळ घातला, एकाने पेटीच्या सुरावर कुत्र्यासारखे रडून दाखवले, आणि मग ती सगळी उठून पलीकडे क्रिकेटची मांडणी पाहायला निघून गेली.

पुढच्या सतरंज्या रिकाम्या झाल्या. वैजनाथने पडद्याच्या दोरीपाशी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात साखराबाई मागून म्हणाली, "गेले का टोळभैरव? चला गं, पुढं सरका." आणि बाया पुढे आल्या. सतरंज्या भरल्या. कडेला आणखी येऊन उभ्या राहिल्या. तेव्हा माझ्या लक्षात आले की प्रत्येकीच्या मांडीवर किंवा काखेत काहीतरी आहे. पिशवी. डबा. गाठोडे बांधलेला रुमाल.

पाठवणीचे पद आले. साक्षी पायऱ्या उतरली. उतरताना तिने माझ्याकडे पाहिले. नायगावनंतर ती प्रथमच पदर पसरणार होती, आणि तिची बोटे काठ सोडायला तयार नव्हती. मी तिला मानेने सांगितले, जा.

तिने पदर पसरला आणि सगळ्या बैठकीतून एकदम पिशव्यांच्या गाठी सुटल्या.

मी तशी ओटी पन्नास वर्षांत पाहिली नव्हती. गहू, ज्वारी, तांदूळ, हळकुंडे, नारळ, खारका, एका तरुण सुनेने तर अख्खा खण आणला होता. साक्षीचा पदर फाटेल म्हणून अण्णारावांनी पेटी सोडून घुगऱ्यांचे पातेले आणून खाली धरले. पेटी थांबली, तेव्हा बायांनीच पद उचलले. सगळ्यांना शब्द येत होते. एक म्हातारी साक्षीच्या गालावरून हात फिरवीत म्हणत होती, "जा आता माय. आता जा सुखानं."

साखराबाई शेवटी आली. तिने आपली ज्वारी घातली, मग पदराची गाठ सोडून तो नायगावचा फुटाणा वर ठेवला, आणि तिथेच उभी राहून मोठ्याने बोलू लागली. "काय सांगू बायांनो, सुनेच्या मोबाइलात बघितलं तवापासून घास गोड लागंना. पोरगी पदर पसरून उभी, आन् कुणी येईना! तशीच छकड्यात बसली. मी मोबाइल धरून वरडले, 'थांब गं, आले!' सून हसायली. हसू दे. तवाच ठरविलं, खरी भागू गावात आली की तिचा पदर भरायचा. आन् ज्या मेलीनं सिनेमातून ओटी काढून टाकली ना, तिच्या तोंडात माती पडो!"

बाया म्हणाल्या, "पडो!"

मी बाजूच्या पडद्याआडून बाहेर आले. सासरे एकदा असेच आले होते. म्हटले, "ती मेली मीच."

क्षणभर साखराबाईचा आ वासलेला राहिला. मग ती म्हणाली, "अगं माय! आन् मघाशी एकच फुटाणा हातावर ठेवलास तो!" सगळा मांडव हसला. साक्षी डोळे पुसत हसली. पाठवणीत हसू नको म्हणून मी एकेकाळी घर डोक्यावर घेतले होते. त्या दिवशी मी कुणाला गप्प केले नाही.

पडदा पडल्यावर मी साक्षीला म्हटले, "तो सिनेमा दाखव. फक्त शेवट."

छकड्याच्या चाकाला टेकून आम्ही दोघी बसलो. मोबाइल लहान, माझे डोळे अधू, तरी दिसले. वेस होती. जुंपलेला छकडा होता. मुलगी पदर पसरून उभी होती आणि ती सिनेमातल्या कुणाकडेही पाहत नव्हती. सरळ बाहेर, माझ्याकडे पाहत होती. किती तरी वेळ. तनुजाने त्या वेळी गाणे ठेवले नव्हते, नुसता बैलांच्या घुंगरांचा आवाज. मग मुलीने पदर गोळा केला आणि ती छकड्यात बसली. ही भागू नव्हती. भागूची ओटी माझ्या सासऱ्यांनी भरून ठेवली होती. ही अयोध्या होती. जशी खरोखर गेली तशी. मी ओटी नाकारली, म्हणून तनुजाच्या हातून नकळत ती तिथे उमटली. आणि तिला 'थांब' म्हणणाऱ्या बाया आता घराघरांत मोबाइल धरून बसल्या होत्या.

सिनेमाने आमचा खेळ वाचवला की बुडवला, असे मला पुष्कळ लोक विचारतात. विहिरीच्या गाण्याने मांडव भरला आणि रिकामाही केला, हे मी नायगावला पाहिले. त्या रिकाम्या पदराने काय केले, ते हदगावला पाहिले. यापुढे काय होईल ते मला ठाऊक नाही.

बाहेर वैजनाथ पोत्याच्या तोंडाला सुतळी बांधत होता. पोते जड होते. त्याने ते दोनदा उचलून पाहिले. माझ्याकडे न बघता म्हणाला, "माय, हे जळकोटला नेऊ. घरीच शिजवू."

"घरी? ओटीचं धान्य कुठं शिजवतात, वैजनाथ?"

"पुढच्या गावी."

"मग?"

"पुढचं गाव न्हाईच, माय. हा शेवटचा खेळ होता."

"त्याच्या घुगऱ्या कुणी खायच्या, ते मला सांग, आणि मग बंद कर मंडळी. मी अडवणार नाही."

तो सुतळीचे टोक हातात धरून उभा राहिला. साखराबाई अजून गेली नव्हती. चपला शोधण्याच्या निमित्ताने तिथेच घुटमळत होती. म्हणाली, "तामसा गावाला जावा की. माझं माहेर हाय. भावजय कवाची विचारून राहिली, भागू येती का म्हणून. लई माणसं हाईत तिथं. बायामाणसं म्हणते मी."

अण्णारावांनी पेटीचे झाकण लावले आणि टेम्पोत चढवण्याऐवजी तिच्यावरच बसून राहिले. साक्षी पायांतली जोडवी काढत होती, ती थांबली.

वैजनाथने आमच्याकडे, मग पोत्याकडे पाहिले. ते पोते आपल्या दुकानात नेऊन ठेवण्याचे धैर्य त्याला होणार नाही, हे मला ठाऊक होते. तोही माझ्याच हाताखाली वाढलेला आहे. त्याने खिशातून मोबाइल काढला, साखराबाईकडून भावजयीचा नंबर घेतला आणि लावता लावता मला विचारले, "मैदान कवाचं मागू? सांजचं का?"

मी पोत्यावरचा हात न काढता म्हटले, "दुपारचं माग."